जेम्स प्रेस्कॉट ज्यूल

वैशाखांत आपल्या जालना जिल्ह्यांत ऊन कसें तापतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अंगणांत पडलेल्या लोखंडी घमेल्यास दुपारीं हात लावितां चटका बसतो. त्याच उन्हांतील हौदाचें पाणी मात्र कोमटच असतें. तसेंच, विळा दगडावर घांसून धार लावितांना जवळ विस्तव नसतांही त्याचें पातें तापतें. ही उष्णता येते कोठून, याचा शोध घेण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म इंग्लंडांत मँचेस्टरजवळ सॅलफर्ड येथें २४ डिसेंबर १८१८ रोजीं, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं झाला. त्यांचे वडील बीअरच्या कारखान्याचे धनी होते. लहानपणीं प्रकृति नाजूक असल्यामुळें ज्यूल यांचें शिक्षण घरींच झालें. पुढें प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्याजवळ शिकण्याचें भाग्य त्यांना लाभलें. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधींच चढले नाहींत. कारखान्याचें काम सांभाळून उरलेल्या वेळांत ते प्रयोग करीत.

त्या काळीं पुष्कळ विद्वान उष्णतेस एक अदृश्य, वजनरहित द्रव मानीत. ज्यूल यांना तें पटेना. श्रमानें उष्णता उत्पन्न होत असेल, तर किती श्रमास किती उष्णता, याचा हिशेब मांडतां आलाच पाहिजे, असें त्यांनीं मनाशीं घेतलें. पाण्यानें भरलेल्या तांब्याच्या भांड्यांत त्यांनीं पात्यांचें चाक बसविलें व दोरीस बांधलेलीं वजनें खालीं सोडून तें फिरविलें. घुसळल्यानें पाणी तापूं लागलें, पण किती? एक किलोग्रॅम लोखंडाचें तापमान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास, आज ज्यूल यांच्याच नांवें ओळखल्या जाणाऱ्या एककांत, सुमारें ४५० ज्यूल ऊर्जा पुरते. तितक्याच पाण्यास सुमारें ४२०० ज्यूल लागते. यासच त्या त्या पदार्थाची विशिष्ट उष्णता म्हणतात. यामुळेंच वजनें वीस वेळां उतरवूनही ज्यूल यांच्या पाण्याचें तापमान अवघें अर्धा अंश फॅरनहाइट वाढे. एवढीशी वाढ अचूक मोजणें, हीच त्यांची खरी कसोटी होती.

१८४३ सालीं कॉर्क येथील विद्वत्सभेंत त्यांनीं आपलें मत मांडलें. कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८४७ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यांना थोडक्यांत आटोपावयास सांगण्यांत आलें. परंतु श्रोत्यांत विल्यम थॉमसन नांवाचे एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनीं या प्रयोगाचें महत्त्व ओळखलें. हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगास माहीत झाले. १८५० सालीं ज्यूल यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ७७२ पौंडांचें वजन एक फूट उतरल्यानें घडणारें कार्य एक पौंड पाण्याचें तापमान एक अंश फॅरनहाइटनें वाढवितें. त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांना आपल्या सभासदांत घेतलें.

यावरून दिसून आलें कीं, श्रम कधीं नाहींसे होत नाहींत. पाण्यास घुसळण्यांत खर्चिलेलें कार्य त्याच्या कणांच्या हालचालींत सांठतें. तिलाच पदार्थाची अंतर्गत ऊर्जा म्हणतात. विळ्याच्या पात्यांत तापते ती आपल्या हाताचीच मेहनत होय.

१८५४ सालीं ज्यूल यांच्यावर पत्नीवियोगाचें दुःख कोसळलें. दोन लहान मुलें मागें राहिलीं. तरीही त्यांनीं संशोधन सोडलें नाहीं. आपल्याच आंकड्यावर विसंबून न राहतां, साठीच्या उंबरठ्यावर असतां त्यांनीं तो पुन्हां मोजून पाहिला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं सेल येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या समाधीवर ७७२.५५ हा आंकडा कोरलेला आहे, आणि त्याखालीं, दिवस आहे तोंवर काम करावें अशा अर्थाचें योहानाच्या शुभवर्तमानांतील वचन आहे.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें ध्यानांत ठेवावें. अभ्यासाचें फळ प्रारंभीं अर्ध्या अंशाएवढेंच दिसतें. म्हणून तें नाहींच, असें कोणीं समजूं नये.