तोफ, शेगडी आणि कॉफीचे भांडे : काउंट रम्फर्ड

शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात काउंट रम्फर्ड नावाचा गृहस्थ एकदाच भेटतो. म्युनिकच्या शस्त्रागारात तो तोफेची नळी कोरवून घेतो, घर्षणाने पाणी उकळते, उष्णता हा पदार्थ नसून गतीचे रूप आहे असे तो सांगतो, आणि पुढच्या परिच्छेदात जूलसाहेबांना जागा करून देऊन निघून जातो. परीक्षेत त्याच्यावर एखादी टीप लिहिता येते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर या गृहस्थाशी माझा संबंध सुटला होता. तो पुन्हा जुळला कॉफीमुळे. हे थोडे चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी त्याचा खुलासा करतो.

आमच्या मुरुमला पाहुण्याला विचारायचे ते चहाचे. कॉफी म्हणजे दुधात चमचाभर तयार पूड. गुलबर्ग्याकडे सोयरीक असलेल्या काही घरांत फिल्टर दिसतो, एवढेच. अशा गावात पुण्याला नोकरी करणारा माझा मावसभाऊ दिवाळीत एक यंत्र घेऊन आला. हाताने दांडी दाबून घरच्या घरी एस्प्रेसोसारखी कॉफी काढायचे यंत्र. ते स्वतः आटोपशीर होते. त्याच्याबरोबरचा सरंजाम मात्र थाळीभर. बिया दळायची हातदळणी, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा, पुडीतल्या गाठी मोडायला सुयांचा झुपका, पूड दाबायचा धातूचा ठोकळा (त्याला टॅम्पर म्हणतात), आणि दाबलेल्या पुडीवर ठेवायची गोल जाळी. ही पूजा कोणत्या देवाची, असे आजीने विचारलेच. मला मात्र त्या थाळीचे कुतूहल वाटले. एवढे सगळे खरेच लागते का, आणि पुडीला असे मापून दाबावे हे प्रथम कोणी मनावर घेतले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा १८१२ सालचा कॉफीवरचा एक इंग्रजी निबंध हाती लागला. लेखक तोच, तोफवाला.

त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म २६ मार्च १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात, वोबर्न गावी, शेतकऱ्याच्या घरी. दोन वर्षांचा व्हायच्या आत वडील गेले. तेराव्या वर्षी तो सेलम येथे एका दुकानदाराकडे उमेदवारीला लागला. पुढे न्यू हॅम्पशरमधल्या कॉन्कर्ड गावी मास्तरकी करू लागला आणि १७७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आपल्याहून बरीच मोठी असलेल्या सारा रोल्फ या श्रीमंत विधवेशी त्याने लग्न केले. त्या गावाचे जुने नाव रम्फर्ड. पुढे सरदारकी मिळाली तेव्हा त्याने हेच नाव किताबाला घेतले. बायकोला मात्र तो केव्हाच सोडून आला होता.

ते झाले असे. वसाहतींचा इंग्लंडविरुद्ध उठाव सुरू होत होता आणि थॉम्प्सनचा ओढा राजाकडे होता. लोकांना संशय आला, जमाव घरावर चालून येणार अशी चाहूल लागली, आणि हा गडी तान्ही मुलगी व बायको यांना मागे ठेवून पसार झाला. इंग्रजांना त्याने बातम्या पुरवल्या यात आता शंका राहिलेली नाही. १७७६ मध्ये इंग्रजी फौजेने बॉस्टन सोडले, त्याच वर्षी तोही लंडनला गेला. बायकोची पुन्हा भेट नाही. ती १७९२ मध्ये वारली. चरित्रनायकाच्या दोषांवर पांघरूण घालण्याची आपल्याकडे रीत आहे. रम्फर्डच्या बाबतीत ते पांघरूण पुरणार नाही, म्हणून मी ते घालत नाही.

लंडनमध्ये वरिष्ठांची मर्जी, १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १७८४ मध्ये सर ही पदवी, असा त्याचा उत्कर्ष झपाट्याने झाला. त्याच वर्षी तो बव्हेरियाच्या कार्ल थिओडोर या सत्ताधीशाच्या चाकरीत शिरला, आणि इथून त्याच्या आयुष्यातला खरा वाचनीय भाग सुरू होतो.

बव्हेरियाचे सैन्य अर्धपोटी आणि फाटक्या कपड्यांत होते, तर राजधानी म्युनिक भिकाऱ्यांनी भरलेली. १ जानेवारी १७९० या दिवशी त्याने सैनिक आणि अधिकारी बरोबर घेऊन शहरातले भिकारी धरले आणि त्यांना एका उद्योगगृहात आणले. तिथे काम सैनिकांचे कपडे करण्याचे. मोबदल्यात ऊब, जेवण आणि मजुरी. धरपकडीने दारिद्र्य जात नाही, हे आज आपण म्हणू शकतो आणि म्हणावे. पण त्या उद्योगगृहाच्या स्वयंपाकघरात रम्फर्डने जे केले ते त्या काळच्या कोणत्याही काउंटाने केले नव्हते. शेकडो माणसांचे सूप शिजवायला सरपण किती लागते, हे तो मोजू लागला. जव, वाटाणे आणि बटाटे यांचे स्वस्त आणि पोटभरीचे मिश्रण त्याने ठरवले. बटाट्याबद्दल लोकांच्या मनात अढी होती, म्हणून सुरुवातीला तो गुपचूप, ओळखू येणार नाही असा शिजवून घालण्यात आला. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत याच्या नेमके उलट चालते. तिथे बटाटाच ओळखू येतो, बाकीचे नाही.

उघड्या चुलीवर बहुतेक उष्णता स्वयंपाकघर तापवण्यात जाते, भांड्याला थोडीच मिळते, हे त्याने पाहिले आणि बंदिस्त शेगड्या बांधल्या. पुढे लंडनमध्ये धूर कोंडणाऱ्या शेकोट्यांची रचना बदलून दिली. यांपैकी कशाचेही त्याने पेटंट घेतले नाही. गवंड्याने आणि कल्हईवाल्याने पाहून करावे, अशीच त्याची इच्छा होती. तोफेचा प्रसिद्ध प्रयोग याच काळातला. बोथट पात्याने, घोड्यांच्या बळावर नळी कोरत असता भोवतालच्या पेटीतले पाणी अडीच तासांत विस्तवाशिवाय उकळले. बघे थक्क झाले. जानेवारी १७९८ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

कीर्तीची हाव त्याला होतीच. रॉयल सोसायटीला मोठी देणगी देऊन त्याने उष्णता व प्रकाश यांवरील संशोधनासाठी पदक ठेवले, आणि पहिले पदक मिळाले ते त्यालाच! पण १७९९ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना करण्यात त्याचा पुढाकार होता आणि १८०१ मध्ये हंफ्री डेव्ही नावाच्या तरुणाला तिथे आणणाराही तोच, हेही विसरता येत नाही. डेव्हीमागून तिथे फॅरडे आला.

आता कॉफीकडे वळतो. रम्फर्ड दारूच्या वाटेला फारसा जात नसे. कॉफीने मन प्रसन्न होते आणि मागाहून ग्लानी येत नाही, असे त्याचे मत होते. सामान्य माणसाला ती चांगली आणि स्वस्त मिळावी, असे त्याला वाटे. अडचण अशी की लोक पूड पाण्यात टाकून उकळत बसत. कॉफीचा जो सुवास तोच तिचा जीव, आणि तो उडून जाणारा. घरभर कॉफीचा वास सुटला की आपण खूश होतो. रम्फर्डच्या दृष्टीने तेवढी कॉफी पेल्यातून गेली.

चाळणीच्या भांड्यातून कॉफी गाळण्याची पद्धत पॅरिसमध्ये आधीच आली होती. तिचे श्रेय त्याचे नाही. त्याने केले ते असे. पूड नुसती चाळणीत ओतली तर कुठे सैल, कुठे घट्ट राहते. पाणी सैल जागेतून पळते. तेथल्या पुडीतून कडवटपणा उतरतो आणि बाकीची जवळजवळ कोरीच राहते. आमच्या गावाच्या नावाचाच दाखला देता येईल. रस्त्यावर पसरलेला मुरूम सारखा दाबला नाही तर पहिल्या पावसाचे पाणी आपली वाट शोधते, आणि पुढचा प्रत्येक पाऊस त्याच वाटेने जातो. म्हणून रम्फर्डने भोके पाडलेली एक चकती घेतली आणि तिला मधोमध दांडा लावला. चकतीच्या खालच्या बाजूला बारीक पट्ट्या होत्या. आधी ती हलके फिरवायची, म्हणजे पूड समपातळीत येते, मग दाबायची. पाणी ओततानाही ती पुडीवर तशीच ठेवायची, म्हणजे धारेने थर उसकटत नाही. मावसभावाच्या थाळीतली तीन उपकरणे, म्हणजे सुया, टॅम्पर आणि वरची जाळी, या एका पत्र्याच्या चकतीत होती. कोणीही पत्र्याचे काम करणारा ती बनवू शकला असता.

वजनाचेही तसेच. एका पेल्याला पाव औंसाहून किंचित कमी, आपल्या हिशेबाने सुमारे ७ ग्रॅम पूड पुरे, असे त्याने ठरवले. इटलीत एका पेल्याच्या एस्प्रेसोला पुढे रूढ झालेले प्रमाणही ७ ग्रॅमचेच आहे. माणसे वाढली तर थराची जाडी वाढवायची नाही, चाळणीचा व्यास वाढवायचा, हेही त्याने सांगितले. भांडे त्याने दुपदरी केले आणि पदरांमध्ये गरम पाणी ठेवले. यामागे त्याचे जुने संशोधन होते. भांड्याची बाजू गार झाली की तिथला द्रव जड होऊन खाली जातो, मधला वर येतो, आणि या घुसळणीत सुवास निसटतो, असे त्याचे म्हणणे. आज हाताचे यंत्र वापरणारे आधी उकळते पाणी घालून ते तापवून घेतात, तेही उष्णता राखण्यासाठीच.

एक फरक मात्र स्पष्ट केला पाहिजे. रम्फर्डच्या भांड्यात दाब नव्हता. पाणी आपल्या वजनाने उतरे. एस्प्रेसोत ते हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पटीने पुडीतून ढकलले जाते. मिलानच्या आकिले गाज्जा याने १९४७ च्या सुमारास दांडीची यंत्रे आणली, त्यानंतर सोनेरी फेसाची ही कॉफी रूढ झाली. दाब जितका जास्त, तितकी सैल राहिलेली पूड अधिक नडते. म्हणून टॅम्परला चैन म्हणणे मला पटत नाही. सुयांचा झुपका मात्र, हात स्थिर असेल तर, घरच्या सुया बुचात टोचूनही होतो. मी करून पाहिला.

कॉफीच्या स्वस्ताईबद्दल एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. वेस्ट इंडीजच्या इंग्रजी मळ्यांवर तेव्हा गुलाम राबत होते. तिथली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा. म्युनिकच्या भिकाऱ्याच्या सुपातले सरपण मोजणाऱ्या माणसाच्या हिशेबात पेल्याचे वजन बसते, बी तोडणारा हात बसत नाही.

त्याचे दुसरे लग्न हाही एक अजब प्रकार. उष्णता हा एक द्रव आहे या मताचा मोठा पुरस्कर्ता लाव्हॉझिए. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ते मत खोडून काढणाऱ्या रम्फर्डने १८०५ मध्ये लाव्हॉझिएच्याच विधवेशी, मारी आन हिच्याशी लग्न केले. तिला माणसांची वर्दळ हवी, याला शांतता. एकदा तिने बोलावलेल्या पाहुण्यांना याने फाटकाला कुलूप लावून बाहेर ठेवले. तिने भिंतीवरून त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि मग जाऊन याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. आयुष्यभर पाणी वाया न घालवता तापवायला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे व्हावे! १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले.

शेवटची वर्षे त्याने पॅरिसजवळ ओतय येथे काढली. हिवाळ्यात तो पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घाली, कारण पांढऱ्या रंगातून शरीराची ऊब कमी बाहेर जाते अशी त्याची खात्री होती. गाडीची चाकेही त्याने रुंद धावांची करून घेतली होती. लोक हसत. अमेरिकेत टाकून आलेली मुलगी सारा मोठी झाल्यावर त्याच्याकडे येऊन राहिली होती; तिने बापाला कितपत माफ केले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. कॉफीवरचा निबंध याच घरात राहत असताना प्रसिद्ध झाला. २१ ऑगस्ट १८१४ रोजी तो तिथेच वारला.

मावसभाऊ पुण्याला परतला तसे यंत्रही गेले. मग शेजारच्या काकूंकडे त्यांच्या माहेरचा स्टीलचा फिल्टर आहे तो मी मागून आणला. वरच्या भांड्यात दांडा लावलेली, भोके असलेली एक चकती निघाली. ही कशाला असते, म्हणून विचारले. काकू म्हणाल्या की ती नेहमी मध्येच येते, म्हणून त्या बाजूला काढून ठेवतात. मी त्यांना ती पुडीवर ठेवून, हलके फिरवून, दाबून दाखवली, आणि वरून पाणी ओतले. खालच्या भांड्यात पहिला थेंब पडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. काकू तोवर दूध तापवत होत्या.