दाराबाहेरच्या परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १८२० साली एका धनाढ्य इंग्रज कुटुंबात झाला. रुग्णसेवा हे त्या काळी हलके काम समजले जाई. घरच्यांचा विरोध सोसून तिने तेच पत्करले.

१८५४ साली इंग्लंडचे रशियाशी क्रिमियात युद्ध जुंपले होते. जखमी शिपायांना काळ्या समुद्रापलीकडे, तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात आणीत. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांसह ४ नोव्हेंबरला तेथे पोहोचली. गटारे तुंबलेली, खाटा अपुऱ्या, शिपाई जमिनीवर पडलेले! तरीही लष्करी डॉक्टरांना या स्त्रिया नकोशा होत्या. सैन्याच्या कामात बायकांची लुडबूड कशाला, असे त्यांना वाटे. शिवाय ही बाई मंत्र्यांच्या ओळखीची. ती आपल्या उणिवा लंडनला कळवील, ही धास्ती होतीच.

मंत्र्यांकडे गाऱ्हाणे नेणे तिला अवघड नव्हते. पण डॉक्टरांची मने दुखवून त्यांच्याच रुग्णालयात काम करता येणार नाही, हे तिने जाणले. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणीही रुग्णाला हात लावू नये, असा तिने हुकूम दिला. परिचारिका सदरे, उशा, झोळ्या शिवीत बसल्या. पलीकडे जखमी तळमळत असताना हा हुकूम निर्दयपणाचा वाटेल. काही परिचारिकांना तो तसा वाटलाही. त्या कुरकुरल्या, पण हुकूम बदलला नाही. दरम्यान तिने पथ्याच्या अन्नासाठी स्वयंपाकघर चालू केले. तेथूनही डॉक्टरांच्या लेखी मागणीवाचून काही दिले जात नसे.

५ नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. काही दिवसांतच जखमींची रीघ लागली. जागा पुरेना, माणसे पुरेनात. तेव्हा डॉक्टरांनीच परिचारिकांना बोलावले. पोत्यांत पेंढा भरून गाद्या शिवण्यापासून त्यांनी कामास आरंभ केला.

डिसेंबरात हर्बर्ट यांनी, तिला न विचारता, चाळीसहून अधिक स्त्रियांची दुसरी तुकडी धाडली. मोठ्या कष्टाने जुळवलेली घडी विसकटणार, म्हणून ती संतापली. तिने राजीनामाही देऊ केला. हर्बर्ट यांनी चूक कबूल केली आणि ती राहिली. त्या हिवाळ्यात मात्र हजारो शिपाई रोगांनी दगावले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिने परिचारिकांची शाळा काढली. तेथील ज्येष्ठ शस्त्रवैद्याचा तिला विरोध होता. पहिल्या वर्गातील मुली शिकून बाहेर पडल्या, तेव्हा इतर रुग्णालयांतून त्यांना मागणी येऊ लागली.