आठव्या वर्षी विधवा झाल्या, २० वर्षांनी नवा संसार मांडला : बाया कर्वेंची गोष्ट

महर्षी कर्वे म्हटलं की महिला विद्यापीठ आठवतं, भारतरत्न आठवतं. पुणेकरांना कर्वे रोडचं ट्रॅफिकही आठवत असेल. पण ज्या बाईमुळे कर्व्यांवर गावाने बहिष्कार टाकला, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

तिचं नाव गोदावरी जोशी. गाव कोकणातलं देवरुख. आठव्या वर्षी नातूंच्या घरात लग्न झालं आणि अवघ्या तीन महिन्यांत नवरा वारला. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आधीच गोदूबाई विधवा झाल्या.

विधवांचा पुनर्विवाह १८५६ सालीच कायदेशीर झाला होता. आणि तिकडे मारेगाव-वणीकडच्या कुणब्यांसारख्या अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट लावायची रीत तर कायद्याच्याही आधीची. ब्राह्मण घरात मात्र हा विषयच निघत नसे. गोदूबाईंचंही पुढे केशवपन झालं. सासरी कामाचा रगाडा उपसण्यात ऐन उमेदीची वर्षं गेली.

त्यांचे भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. कर्वे त्यांचे जिवलग मित्र, दोघांचं बिऱ्हाडही एकत्रच. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. कर्व्यांची पत्नी राधाबाई आणि छोटा रघुनाथ यांच्याशी गोदूबाईंची ओळख झाली ती इथेच.

११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. चोविशीच्या आसपास त्यांनी पाटी-पुस्तक हातात धरलं. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं, त्याही गेल्या.

१८९१ मध्ये राधाबाई वारल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलेलं होतं. त्या काळी विधुराला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळायची, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं.

शारदा सदन सुरू झालं त्याच तारखेला, ११ मार्चला, १८९३ साली पुण्यात लग्न लागलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात सगळे त्यांना बाया म्हणू लागले. अकरा वर्षांच्या रघुनाथला आई मिळाली. पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी गाजलेले र. धों. कर्वे ते हेच. बायांना स्वतःची तीन मुलं झाली : शंकर, दिनकर आणि भास्कर.

कर्व्यांच्या मुरूड गावाने मात्र सभा भरवून या जोडप्यावर बहिष्कार घातला. म्हाताऱ्या आईला मुलाला उघडपणे घरात घेण्याची सोय राहिली नाही.

बरं, हा संसार काही गुलाबी वगैरे नव्हता. अण्णांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि स्वतःजवळचा पैसा त्यात ओतायला सुरुवात केली. पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. इकडे घरात मुलं लहान. बायांचा संताप व्हायचा आणि त्या तो लपवायच्या नाहीत. त्यांची बाजू चूक होती असं कोण म्हणेल? थोर माणसाचं घर कुणीतरी चालवावंच लागतं.

त्यांनी ते चालवलं. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, घराला चार पैशांचा हातभार लावला. आणि ज्या आश्रमावरून भांडण व्हायचं, त्याच आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणीही गोळा केली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्यांनी लग्न केलं नाही, पण सगळं आयुष्य हिंगण्याच्या आश्रमाला दिलं.

मुलं मोठी झाली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर प्राध्यापक झाले आणि त्यांच्याशी लग्न करून इरावती कर्वे घरात सून म्हणून आल्या.

१९४४ मध्ये बायांचं आत्मचरित्र आलं, 'माझे पुराण'. नवऱ्याबद्दलच्या तक्रारी त्यात जशाच्या तशा आहेत. २९ नोव्हेंबर १९५० ला त्या गेल्या. अण्णांना भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये. तेव्हा ते शंभर वर्षांचे होते आणि बायांना जाऊन आठ वर्षं होत आली होती.