म्हातारपणाची काठी आणि रघुनाथ कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांच्या वाट्याला मात्र हयातीत उपेक्षाच आली. वास्तविक अर्थशास्त्राच्या तासाला आपण ज्या लोकसंख्येच्या प्रश्नाची चर्चा करतो, त्याच्याच एका बाजूसाठी या माणसाने आपली नोकरी पणाला लावली होती.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारली. मुलगा हुशार निघाला. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. परंतु संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते चालविले. लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच.

मुले किती व्हावीत हे दैवाने नव्हे, तर आईबापांनी, आणि विशेषतः स्त्रीने ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. ते व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः मूल होऊ दिले नाही. आपल्याकडे पोरगा म्हणजे म्हातारपणाची काठी! ती काठीच या दांपत्याने नाकारली.

आज विकसित देशांत घरोघरी मुले कमी झाली आहेत आणि आयुष्य वाढले आहे. जपानमध्ये दर १०० माणसांत सुमारे २९ जण पासष्टी ओलांडलेले आहेत; कामाच्या वयाच्या जेमतेम दोघांमागे एक वृद्ध! निवृत्तिवेतन आणि दवाखान्याचा खर्च वाढतो, तो भागवणारे कमावते हात मात्र घटतात. म्हणूनच जर्मनीने २००७ साली कायदा करून निवृत्तीचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरविले.

मग कर्व्यांचे चुकले काय? मला तसे वाटत नाही. सतत बाळंतपणे सोसून कित्येक राधाबाई गेल्या. त्यांच्या जिवावर म्हाताऱ्यांची सोय करणे हा न्याय नव्हे. मात्र घरातली काठी लहान झाली, तर समाजाने दुसरी काठी द्यायला हवी, आणि हे काम विकसित देशांनाही जड जात आहे. त्यांनी निदान आधी संपत्ती मिळविली व मग ते म्हातारे झाले. आपले काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा जननदर दर स्त्रीमागे १.७ वर आला आहे. दोन मुलांहूनही कमी. शेतात राबणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसाला ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. आमच्या माकणीसारख्या गावांतून तरुण पुण्या-मुंबईकडे कामाला जातात, आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांची मदार त्यांच्या मनीऑर्डरीवर नाही, तर आता मोबाईलवरून येणाऱ्या पैशांवर असते.

मुले किती, हा कर्व्यांच्या पिढीपुढचा प्रश्न होता. त्या मुलांनी व सरकारने मिळून म्हाताऱ्यांना कसे सांभाळावे, हा आपल्या पिढीपुढचा आहे. त्यांनी आपल्या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. आपणही फिरवू नये.