मार्शल टिटो आणि युगोस्लाव्हिया

आज जगाच्या नकाशावर युगोस्लाव्हिया नावाचा देश शोधू गेल्यास तो सापडत नाही. त्याच्या जागी सहा स्वतंत्र देश दिसतात, आणि सातव्याच्या म्हणजे कोसोव्होच्या स्वातंत्र्यास भारतासह अनेक देशांची मान्यता नाही. परंतु एके काळी या देशाचे नाव आपल्याकडील वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. नेहरू, नासर आणि टिटो ही तीन नावे एका दमात घेतली जात. दिल्लीतील एका मोठ्या रस्त्याला आजही टिटोंचे नाव आहे.

ज्याने हा देश उभा केला, पस्तीस वर्षे सांभाळला, आणि ज्याच्या मृत्यूनंतर तो देश एक तपही पुरता टिकला नाही, अशा पुरुषाचे चरित्र हे त्या देशाचेच चरित्र ठरते. अनेक भाषा, अनेक धर्म आणि अनेक प्रांत यांचे राष्ट्र कशाने एकत्र राहते, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. म्हणून या चरित्राकडे केवळ एका परदेशी पुढाऱ्याचे चरित्र म्हणून पाहता येणार नाही.

युगोस्लाव्हिया म्हणजे दक्षिण स्लाव्ह लोकांची भूमी. बाल्कन द्वीपकल्पातील हे लोक वंशाने एकमेकांना जवळचे. परंतु शेकडो वर्षे निरनिराळ्या साम्राज्यांखाली राहिल्याने त्यांचे आचार-विचार वेगळे झाले होते. स्लोव्हेन आणि क्रोएट हे ऑस्ट्रियाच्या छायेखाली राहिलेले, रोमन कॅथलिक पंथाचे व रोमन लिपी वापरणारे. सर्ब, माँटेनिग्रिन आणि मॅसिडोनियन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांची लिपी सिरिलिक. बोस्नियात तुर्की अमलात इस्लाम स्वीकारलेले स्लाव्ह होते. याशिवाय अल्बेनियन, हंगेरियन आणि इतर लहानमोठे समाज. सर्ब व क्रोएट यांची बोली जवळजवळ एकच, पण लिपी दोन आणि चर्चही दोन!

अशा या प्रदेशात, क्रोएशियातील कुमरोव्हेट्स या खेड्यात, ७ मे १८९२ रोजी योसिप ब्रोझ याचा जन्म झाला. बाप फ्रान्यो हा क्रोएट, तर आई मारिया ही स्लोव्हेन. पंधरा भावंडांत योसिप सातवा. घरची शेती थोडी आणि कर्ज फार, त्यामुळे त्याचे बालपण बरेचसे स्लोव्हेनियात आजोबांच्या घरी गेले. तो शाळेत जाऊ लागला तेव्हा क्रोएट भाषेपेक्षा स्लोव्हेनच त्याच्या तोंडी अधिक बसली होती. शाळाही थोडीच वर्षे झाली. पंधराव्या वर्षी सिसाक या गावी तो एका कुलूप-लोहारकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. १९१० मध्ये उमेदवारी संपताच तो धातुकामगारांच्या संघटनेत आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षात दाखल झाला. पुढे कामाच्या शोधात तो बोहेमिया, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील कारखान्यांतून हिंडला. पुस्तकी शिक्षण नसलेल्या या तरुणाचे खरे विद्यापीठ म्हणजे हे कारखाने होत.

१९१३ मध्ये त्याला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात सक्तीने भरती व्हावे लागले. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या वसंतात एका शत्रुस्वाराच्या भाल्याने तो जबर जखमी झाला आणि रशियनांच्या हाती सापडला. इस्पितळात तो रशियन भाषा शिकला. १९१७ च्या क्रांतीच्या धामधुमीत तो पेट्रोग्राडला होता. पुढे सायबेरियात ओम्स्कजवळ रेड गार्डमध्येही सामील झाला. १९२० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा ऑस्ट्रियाचे साम्राज्य नाहीसे झाले होते आणि त्या जागी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे एक नवे राज्य जन्मास आले होते.

या नव्या राज्याचा पाया कच्चा होता. राजघराणे सर्बियाचे, सैन्यातील वरिष्ठ अधिकारीही बहुतेक सर्ब. त्यामुळे क्रोएट असंतुष्ट. १९२८ मध्ये भर संसदेत क्रोएट पुढाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९२९ मध्ये राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त करून सारी सत्ता हाती घेतली आणि देशाचे नाव युगोस्लाव्हिया ठेवले. नाव एक केल्याने मने एक होत नाहीत, हे लवकरच दिसून आले. १९३४ मध्ये मार्सेय येथे राजाचा खून झाला.

कम्युनिस्ट पक्षावर तर राज्य स्थापन झाल्यावर थोड्याच काळात बंदी आली होती. योसिप ब्रोझ गुप्तपणे काम करीत राहिले. १९२८ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. लेपोग्लावाच्या तुरुंगात त्यांच्याकडे वीजघराचे काम आले, आणि त्या निमित्ताने इतर राजकीय कैद्यांशी संबंध ठेवता आला. १९३४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी अनेक टोपणनावे घेतली. त्यांपैकी टिटो हे कायमचे चिकटले. पुढे ते मॉस्कोला कोमिन्टर्नच्या कचेरीत काम करू लागले. स्टालिनच्या शुद्धीकरणात त्यांचे अनेक युगोस्लाव्ह सहकारी मारले गेले. टिटो वाचले, एवढेच नव्हे तर १९३७ पासून पक्षाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबवर्षाव केला. अकरा दिवसांत सैन्याने शरणागती पत्करली. हिटलर आणि त्याच्या मित्रांनी देशाचे लचके तोडले. क्रोएशियात उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेचे राज्य स्थापन झाले आणि त्यांनी सर्ब, ज्यू व जिप्सी लोकांच्या कत्तली आरंभिल्या. उलटपक्षी द्राझा मिहायलोविच यांचे चेटनिक हे राजनिष्ठ सर्ब सैनिक. त्यांच्या हातून मुसलमान व क्रोएट यांची हत्याकांडे झाली. परकी शत्रूइतकेच भावाभावांचे वैर भयंकर होते. युद्धात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्यांतील फार मोठी संख्या आपल्याच देशबांधवांच्या हातून मेली.

या काळोखात टिटोंच्या पार्टिझन सेनेचे वेगळेपण उठून दिसते. तिच्यात सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मुसलमान, माँटेनिग्रिन सारेच होते. स्त्रियाही मोठ्या संख्येने लढल्या. डोंगराळ मुलखाचा आधार घेऊन त्यांनी गनिमी काव्याने शत्रूस हैराण केले. १९४३ च्या मे-जून महिन्यांत सुत्येस्का नदीच्या खोऱ्यात सुमारे वीस हजार पार्टिझन त्यांच्या सहापट शत्रुसैन्याच्या वेढ्यात सापडले. स्वतः टिटो जखमी झाले, सात हजारांवर सैनिक कामी आले. पण वेढा फोडून उरलेले निसटले. त्यानंतर ब्रिटिशांनीही चेटनिकांचा नाद सोडून टिटोंना मदत सुरू केली. २९ नोव्हेंबर १९४३ रोजी बोस्नियातील यायत्से या गावी प्रतिनिधींची सभा भरली. भावी देश हा समान हक्कांच्या घटकराज्यांचा संघ असेल, असे तेथे ठरले. टिटोंना मार्शल हा किताबही तेथेच मिळाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये रशियन सैन्याच्या साह्याने बेलग्रेड मुक्त झाले.

१९४५ मध्ये राजेशाही संपली. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झगोव्हिना, सर्बिया, माँटेनिग्रो आणि मॅसिडोनिया अशी सहा घटकराज्ये झाली. सर्बियाच्या अंतर्गत व्होय्व्होदिना व कोसोव्हो हे दोन स्वायत्त विभाग ठेवण्यात आले. मॅसिडोनियन भाषेला प्रथमच स्वतःचे प्रमाणरूप आणि राजमान्यता मिळाली. पण या नव्या राज्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्ध संपताना शरण आलेल्या हजारो विरोधकांना चौकशीविना ठार करण्यात आले. विरोधी पक्ष राहिले नाहीत; गुप्त पोलीस खाते सर्वत्र पोहोचले.

टिटोंच्या आयुष्यातील मोठ्या धैर्याचा प्रसंग १९४८ चा. आपल्या देशाचा कारभार मॉस्कोच्या इशाऱ्यावर चालावा हे त्यांना मान्य नव्हते. २८ जून १९४८ रोजी कोमिन्फॉर्मने युगोस्लाव्ह पक्षाला बहिष्कृत केले. पूर्व युरोपातील देशांनी व्यापार तोडला, सरहद्दीवर सैन्य जमू लागले. टिटो डगमगले नाहीत. मात्र याच काळात देशातील स्टालिनच्या पाठीराख्यांना, आणि तसा नुसता संशय असलेल्यांनाही, गोली ओतोक या उजाड बेटावरील छावणीत डांबण्यात आले. हुकूमशहाला नकार देणाऱ्याने स्वतःही तीच साधने वापरावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

रशियाशी फारकत झाल्यावर नवी अर्थव्यवस्था शोधणे भाग होते. १९५० मध्ये कामगारांच्या स्वयंशासनाचा कायदा झाला. कारखाना सरकारचा नाही व मालकाचाही नाही, तो समाजाचा. कामगारांनी निवडलेल्या परिषदेने त्याचा कारभार पाहावा, अशी ही कल्पना. १९५३ मध्ये सामुदायिक शेतीची सक्ती सोडून देण्यात आली आणि शेतकऱ्याला दहा हेक्टरपर्यंत जमीन राखण्याची मुभा मिळाली. १९६५ च्या सुधारणांनी बाजाराला आणखी वाव दिला. युगोस्लाव्ह नागरिक पासपोर्ट घेऊन पश्चिमेकडे मोकळेपणाने जाऊ शकत. लक्षावधी लोक पश्चिम जर्मनीत कामाला गेले आणि त्यांनी धाडलेल्या पैशातून खेड्यापाड्यांत पक्की घरे उठली. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर युरोपीय प्रवाशांची रीघ लागली. शेजारच्या कम्युनिस्ट देशांतील जनतेला हेवा वाटावा असे हे दिवस होते.

परंतु ही समृद्धी सारखी वाटली गेली नाही. स्लोव्हेनियाचे दरडोई उत्पन्न कोसोव्होच्या कित्येक पट होते. मागासलेल्या भागांसाठी निधी उभारला, तरी दरी वाढतच गेली. श्रीमंत राज्यांना वाटे, आपला पैसा वाया जातो. गरिबांना वाटे, आपण कच्चा माल पुरविणारे ठरलो. प्रत्येक राज्य आपल्यापुरता कारखाना, आपल्यापुरती बँक पाहू लागले, आणि उणीव परदेशी कर्जाने भरून निघू लागली.

परराष्ट्र धोरणात मात्र टिटोंनी आपल्या लहान देशाला फार मोठे स्थान मिळवून दिले. डिसेंबर १९५४ मध्ये ते भारतात आले. जुलै १९५६ मध्ये ब्रियोनी बेटावर नेहरू, नासर आणि टिटो यांची भेट झाली. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. पंचवीस राष्ट्रे तीत सहभागी झाली. दोन्ही बड्या गटांपासून दूर राहून आपला मान राखता येतो, हे त्यांनी दाखविले. १९७१ चा नेहरू पुरस्कार त्यांना देण्यात आला, तो याच कार्याचा गौरव होता.

घरात मात्र जुने प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागले. १९७१ मध्ये क्रोएशियात अधिक अधिकारांसाठी मोठी चळवळ उठली. टिटोंनी तेथील नेतृत्व बाजूला केले. पुढच्याच वर्षी सर्बियातील उदारमतवाद्यांचीही तीच गत झाली. असे दोन्हीकडील समर्थ, तरुण नेतृत्व गेले आणि होयबांचे फावले. १९७४ च्या घटनेने घटकराज्यांना व दोन्ही स्वायत्त विभागांना फार मोठे अधिकार दिले, महत्त्वाच्या निर्णयांस सर्वांची संमती आवश्यक ठरविली, आणि टिटोंना तहहयात अध्यक्ष केले. त्यांच्यामागे आठ घटकांच्या प्रतिनिधींचे सामुदायिक अध्यक्षमंडळ असावे व त्याचे प्रमुखपद दरवर्षी फिरते राहावे, अशी योजना होती. टिटो हयात होते तोवर वादाचा शेवटचा निवाडा त्यांच्याकडे होई. त्यांच्यानंतर निवाडा कोणी करायचा, याचे उत्तर त्या घटनेत नव्हते.

४ मे १९८० रोजी लुब्लियाना येथे टिटोंचे निधन झाले. बेलग्रेडमधील अंत्ययात्रेस पूर्व-पश्चिमेचे राष्ट्रप्रमुख जमले. आपल्या पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधीही त्यांत होत्या. पुढच्याच वर्षी कोसोव्होत दंगली उसळल्या. परदेशी कर्ज वीस अब्ज डॉलरांच्या घरात गेले, महागाई गगनाला भिडली, बेकारी वाढली. अशा वेळी प्रत्येक राज्यातील पुढाऱ्याला शेजाऱ्याकडे बोट दाखविणे सोपे झाले. १९८९ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच यांच्या सर्बियाने कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य पुकारले. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मेली. एकट्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुले ठार करण्यात आली.

मग टिटोंचे सारे कार्य व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. रक्तपाताने विटलेल्या लोकांना त्यांनी साडेतीन दशके शांतता दिली, शाळा दिल्या, कारखाने दिले. १९८१ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकांनी आपली जात सर्ब वा क्रोएट न सांगता नुसती युगोस्लाव्ह अशी नोंदविली. क्रोएट बाप, स्लोव्हेन आई आणि सर्ब पत्नी असलेल्या टिटोंचे घरच या कल्पनेचे उदाहरण होते. पण त्यांनी निरनिराळ्या लोकांना आपापसात मोकळेपणाने भांडू व समजून घेऊ दिले नाही. युद्धातील जखमांवर बोलणे टाळले गेले, म्हणून त्या भरल्या नाहीत. स्वतंत्र वृत्तपत्रे, स्वतंत्र न्यायालये आणि सर्व राज्यांत पसरलेले खुले पक्ष असते, तर भांडण मिटविण्याचा मार्ग एका माणसाच्या आयुष्याशी बांधला गेला नसता.

थोर पुरुष राष्ट्र उभारू शकतो. ते टिकविण्याचे काम मात्र संस्थांचे आणि सामान्य नागरिकांचे असते. टिटोंच्या चरित्रातून उमेद घ्यावी आणि हा इशाराही घ्यावा, हेच अनेक भाषांच्या देशात वाढणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना उचित होय.