कुंपणच शेत खाते तेव्हा...

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? व्यवहारात हा प्रश्न जुनाच आहे. वैद्यकशास्त्रात मात्र तो गांभीर्याने विचारला जाण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटू शकतात, ही कल्पना तोपर्यंत फारशी मान्य नव्हती. तिला सैद्धांतिक पाया देणाऱ्यांमध्ये अग्रणी होते ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट.

बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील ट्रॅराल्गन या लहानशा गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. बुजऱ्या, एकलकोंड्या स्वभावाचा हा मुलगा रानात भटकून भुंगेरे गोळा करण्यात रमत असे. जीवसृष्टीतील वैविध्य आणि निवड यांचे हे आकर्षण पुढे त्यांच्या सिद्धांतातही उमटले. मेलबर्न विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी लंडनमध्ये संशोधन केले आणि मायदेशी परतून मेलबर्नची वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्था हीच आपली कर्मभूमी मानली. १९४४ ते १९६५ अशी २१ वर्षे ते तिचे संचालक होते. इन्फ्लुएन्झा विषाणूवरील त्यांच्या कामाने या संस्थेला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. क्यू फीव्हरच्या जंतूला तर 'कॉक्सिएला बर्नेटी' असे त्यांचेच नाव मिळाले.

साठीच्या उंबरठ्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. १९५७ मध्ये त्यांनी संस्थेचे लक्ष विषाणूंवरून काढून रोगप्रतिकारशास्त्राकडे वळविले. अनेक विषाणुतज्ज्ञ संस्था सोडून गेले, पण बर्नेट मागे हटले नाहीत. शरीर 'स्व' आणि 'पर' यांतील भेद कसा ओळखते, या प्रश्नाने त्यांना झपाटले होते.

नील्स येर्ने यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विचारावरून पुढे जात बर्नेट यांनी १९५७ मध्येच आपला 'क्लोन-निवड' सिद्धांत मांडला. शरीरात असंख्य प्रकारच्या प्रतिकारपेशी आधीपासूनच असतात आणि प्रत्येक पेशी एकच विशिष्ट खूण ओळखते. जंतू शिरला की ती खूण ओळखणारी पेशी निवडली जाते आणि तिची प्रजा वाढते. 'स्व'ची खूण ओळखणाऱ्या पेशी प्रारंभीच नष्ट होतात. मात्र त्यांतील काही वाचल्या किंवा नव्याने उपजल्या, तर त्यांचा 'निषिद्ध' वंश स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतो.

या सिद्धांताची कसोटी पाहणारे रुग्ण दूर नव्हते. संस्थेच्या रुग्णालयीन विभागात इयन मॅके हे डॉक्टर दीर्घकालीन यकृतदाहाने खंगणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. काहींच्या रक्तात ल्युपस या विकारात आढळणाऱ्या पेशी दिसत, म्हणून १९५६ मध्ये मॅके व सहकाऱ्यांनी या व्याधीला 'ल्युपॉइड हिपॅटायटिस' म्हटले. त्याच सुमारास संस्थेत काम करणाऱ्या कार्लटन गायडुसेक यांना आढळले, की अशा काही रुग्णांचे रक्तद्रव निरोगी माणसाच्या यकृताच्या अर्काशीही प्रतिक्रिया देते. संशयाची सुई आता बाहेरच्या विषाणूकडून घरच्या रक्षकांकडे वळली.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. रोग जंतूंमुळे होत असेल, तर प्रतिकारशक्ती दडपणे म्हणजे आगीत तेल ओतणे. ती स्वतःच उलटली असेल, तर तिला आवरणे हाच उपाय. बर्नेट आणि मॅके यांनी १९६३ मध्ये स्वयंप्रतिकार विकारांवर संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनमध्ये शीला शेरलॉक व सहकाऱ्यांनी घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७१ मध्ये आले. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या प्रेडनिसोलोनमुळे अशा रुग्णांचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यांतून दिसले. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन ही जोडी आजही या उपचाराचा कणा आहे.

आज या यकृतदाहाचे चित्र अधिक स्पष्ट आहे. सहायक टी पेशी यकृतातील 'स्व'लाच परके समजून इशारा देतात, मारक टी पेशी यकृतपेशींवर हल्ला चढवतात, तर बी पेशींपासून बनलेल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. बर्नेट यांच्या मांडणीत एक उणीव मात्र राहिली होती. 'स्व'विरोधी पेशी निरोगी शरीरातही पूर्णपणे नष्ट होत नाहीत. नियामक टी पेशी त्यांना धाकात ठेवतात. या पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. यकृताच्या या विकारात हा पहारा का ढिला पडतो, याचा शोध अजून सुरू आहे.

बर्नेट यांना १९६० मध्ये पीटर मेडावर यांच्यासह नोबेल मिळाले, ते उपार्जित प्रतिकारक सहिष्णुतेच्या संशोधनासाठी. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी पोर्ट फेअरी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सिद्धांतात पुढे भर पडली, दुरुस्त्याही झाल्या. पण एकेकाळी ज्या व्याधीचे कारणच उमगत नव्हते, तिच्यासह जगणारे असंख्य रुग्ण आज रोजची गोळी घेऊन कामाला जातात. उतारवयात परिचित वाट सोडण्याच्या बर्नेट यांच्या निर्णयाचाही त्यात वाटा आहे.