पंचवार्षिक योजनेच्या १७ वर्षे आधीच विश्वेश्वरय्यांनी आखली होती १० वर्षांची योजना!

पुण्यात इंजिनीअरिंग शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. खडकवासला धरणाला १९०३मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. १९०८मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबादची दैना केली. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला जलाशय सुचवले. पूर अडेल आणि पुढच्या पिढ्यांना पाणीही मिळेल, असा तो हिशेब होता.

हाच हिशेब त्यांनी देशासाठी मांडला. १९३४च्या ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ या पुस्तकात १० वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचा आराखडा होता. भर उद्योगांवर होता. ब्रिटिश सरकारने तो राबवला नाही. पहिली पंचवार्षिक योजना आली १९५१मध्ये. १९६२मध्ये त्यांचं निधन झालं. हैदराबादचे जलाशय उभे राहिले, कारण तिथल्या सरकारने सल्ला ऐकला. देशाच्या योजनेला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.